अक्काच्या पिवळ्या गाठी

अक्काच्या हातांवर गाठी केव्हा आल्या ते मला सांगता येणार नाही. मला समजायला लागलं तेव्हापासून त्या होत्याच. बोटांच्या पेरांवर तुरीच्या दाण्याएवढ्या, कोपरांवर थोड्या मोठ्या, आणि टाचांच्या मागे तर सुपारीएवढ्या. रंगानं पिवळ्या. दुखत नसत, खाजत नसत, फक्त वर्षावर्षानं वाढत. त्याच बोटांनी ती सागरगोटे असे काही झेलायची की गल्लीत तिला कुणी हरवू शकत नसे.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही असोद्याचे. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, आईला माय. गावाबाहेर आमची केळीची बाग होती आणि पलीकडे थोडी कपाशी. देश स्वतंत्र झाला तेव्हा अक्का सात वर्षांची होती. शाळेत पेढे वाटले. मास्तरांनी सगळ्या पोरांच्या हातावर पेढा ठेवला आणि अक्काच्या हातात मात्र वरून टाकला. हे तिनं मला पुढे हसत हसत सांगितलं. तेव्हा मीही हसले होते.

पुढच्या वर्षी एका मुलीचा बाप शाळेत येऊन बसला. म्हणाला, हिच्या शेजारी माझी पोर बसणार नाही, हिला महारोग आहे. आबांनी काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली आणि आम्हा दोघींना घेऊन जळगावला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अक्काला डोळे मिटायला लावले आणि टाचणी घेऊन म्हणाले, "टोचलं की हो म्हण." प्रत्येक गाठीवर ती "हो, हो" म्हणत गेली. मधेच डॉक्टरांनी टाचणी न लावताच हात थांबवला, तेव्हाही ती "हो" म्हणाली, कारण तिला कसंही करून पास व्हायचं होतं. डॉक्टर हसले. त्यांनी कागदावर लिहून दिलं की हा महारोग नाही. मग काय आहे, असं आबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "कातडीचं काहीतरी आहे. जिवाला धोका नाही."

आबांनी तो कागद मास्तरांना दाखवला, त्या मुलीच्या बापालाही दाखवला. कागद सगळ्यांनी वाचला आणि अक्का खिडकीजवळ एकटीच बसत राहिली. चौथीनंतर तिनं आपणहून शाळा सोडली. मग मी शाळेतून आले की ती माझी पुस्तकं मागून घ्यायची. माझी गणितं ती माझ्या आधी सोडवायची.

अक्का बारा-तेरा वर्षांची असताना दुसरी गोष्ट सुरू झाली. ती चालता चालता थांबायला लागली. आबांची न्याहारी बागेत पोचवायचं काम आमच्याकडे होतं, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. कधी दोघी मिळूनही जायचो. वाटेत नाल्यापलीकडे थोडा चढ आहे. तिथं आलं की ती डोक्यावरची टोपली खाली ठेवायची, छातीच्या मधोमध तळहात दाबून धरायची आणि म्हणायची, "थांब व जरा. मले आवळल्यासारखं होते." दोन मिनिटांनी तिचं तिलाच बरं वाटायचं. तोंडावर काही दिसायचं नाही, घाम तेवढा यायचा. मला वाटायचं, ही टोपली माझ्या डोक्यावर द्यायला निमित्त करते. मी घरी येऊन तसं सांगितलंही. माय म्हणाली, "अंगात जोर नही तिच्या. खात नही धड."

त्या उन्हाळ्यात एके दिवशी न्याहारी न्यायची पाळी माझी होती. माझ्या मैत्रिणीकडे कैऱ्या उतरवणार होते म्हणून मी अक्काला गळ घातली. ती गेली.

बागेत आबा केळीच्या ओळीत आडवे पडलेले तिला दिसले. हातात फावडं तसंच होतं आणि पाटाचं पाणी त्यांच्या अंगाखाली साचलं होतं. तिनं हाका मारल्या, हलवलं. आसपास कुणी नव्हतं. मोट हाकणारा गडी जेवायला गावात गेला होता. ती गावाकडे निघाली. पळत निघाली असेल. तिला वाटेत तीनदा बसावं लागलं. हे तिनं स्वतःच सांगितलं, सगळ्यांसमोर, रडत, "मी तीनदा बसली, नाना, मले पळताच ये ना." नाना म्हणजे आमचे थोरले काका. ते आणि आणखी चौघं धावत गेले आणि आबांना खाटेवर घालून घेऊन आले. आबा सदतीस वर्षांचे होते. त्यांना कधी तापानंही झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. वैद्य म्हणाले, उन्हानं झालं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. एके दुपारी अक्का आणि मी गोठ्यात शेण काढत होतो. तिनं मला काहीतरी सांगितलं, अगदी साधं, घमेलं धर किंवा असंच काही, आणि मला कसला राग आला कोण जाणे. मी म्हणाले, "तू पळत आली असती तर आबा वाचले असते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. "खरंच?" असं विचारलं. जणू मला ते माहीत असणार, मी शाळेत जाते म्हणून.

मी म्हणाले, "हो."

मी दहा वर्षांची होते. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

आबांनंतर मायचं सगळं लक्ष अक्काकडे लागलं. नवरा गेला, आता ही पोर तरी धट्टीकट्टी व्हावी, एवढाच तिला ध्यास. आमची एक म्हैस होती. तिचं सगळं लोणी अक्काच्या ताटात जाई. भाकरीवर लोणी, खिचडीवर तूप, वरणबट्टीची बट्टी तर तुपात बुडवून. मला ताक. अक्काला एवढं जात नसे. माय समोर बसून राहायची आणि म्हणायची, "एवढा घास खा माझ्यासाठी." ती खायची. तिला वाटायचं, जोर आला की आपल्याला पळता येईल. हेही तिनं मला एकदा सांगितलं. मी तेव्हा ताटातल्या त्या लोण्याकडे बघत होते आणि मनात जळत होते.

अशी तीन वर्षं गेली. गाठी वाढल्या. आता गुडघ्यांवरही आल्या आणि दोन बोटांच्या बेचक्यांतही. अक्काच्या डोळ्यांच्या बुबुळांभोवती पांढरट कड दिसायला लागली, म्हाताऱ्या माणसांना येते तशी. कपाशी वेचताना ती एकदा चक्कर येऊन पडली. तेव्हा मायनं आपल्या भावाला पत्र लिहायला लावलं. पत्र मीच लिहिलं. मामा धुळ्याला कचेरीत कारकून होता. त्याचं उत्तर आलं की इथं मुंबईला शिकून आलेला एक नवा डॉक्टर आहे, ताबडतोब घेऊन या.

एरंडोल, पारोळा करत मोटारीनं आम्ही धुळ्याला गेलो. अक्काला खिडकी दिली होती. इतक्या लांब ती पहिल्यांदाच जात होती. वाटेतलं प्रत्येक गाव ती मला विचारत होती आणि मला माहीत नसलं तरी मी काहीतरी नाव सांगत होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी अक्काचे हात आपल्या हातात घेतले. तिच्या गाठींना असं कुणी सहज हात लावलेला मी घराबाहेर पहिल्यांदा पाहिला. त्यांनी डोळे पाहिले, टाचा दाबल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग रक्त काढलं. ते मुंबईला पाठवायला लागणार होतं. आठ दिवस आम्ही मामाकडे राहिलो. त्या आठ दिवसांत डॉक्टरांनी एका फोटोवाल्याला बोलावलं आणि काळ्या कापडावर अक्काचे दोन्ही हात ठेवून त्यांचा फोटो काढला, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला. फोटोवाला सामान आवरायला लागला तेव्हा अक्कानं हळूच विचारलं, "तोंडाचा नही काढत का?" डॉक्टर ओशाळले. म्हणाले, "पुढच्या वेळी काढू हं." तिचा जन्मात काढलेला फोटो तो एकच, आणि तोही आमच्याकडे कधी आला नाही.

मुंबईचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी अक्काला मामीबरोबर बाहेर बसवलं. आत माय, मामा आणि मी. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी मायला विचारलं, "यजमान कशानं गेले?"

"उन्हानं गेले म्हणतात. बागेत पडले."

"त्यांच्या अंगावर अशा गाठी होत्या?"

"नही. टाचा जाड व्हत्या मागून. पण शेतात राबणाऱ्याच्या राहतातच तशा."

"लग्नाआधी तुमचं त्यांचं काही नातं होतं?"

"ते माझे आतेभाऊ. सख्ख्या आत्याचे."

डॉक्टर वळले. मामाकडे बघून म्हणाले, "आणि तुमचे वडील?"

मामा म्हणाला, "लवकर गेले. चाळिशीही नव्हती. बोदवडच्या बाजारात बसल्या बसल्या."

मग डॉक्टरांनी मायच्या टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली, माझीही पाहिली. कागदावर काही लिहिलं. शेवटी म्हणाले की रक्तात चरबीसारखा एक पदार्थ असतो, कोलेस्टेरॉल. अक्काच्या रक्तात तो माणसाला असतो त्याच्या कितीतरी पट आहे. गाठींमध्ये तोच आहे, आणि तिच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांतही तोच साचतो आहे. हे तुमच्या घराण्यातून आलं आहे, दोन्ही बाजूंनी. का होतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. औषध नाही.

मायनं एवढंच विचारलं, "चरबी म्हणजे? तूप, लोणी?"

"ते सगळं बंद करा. तेलसुद्धा अगदी थोडं."

माझी माय तिथं खुर्चीवरून खाली जमिनीवर बसली. "मी चारलं," म्हणाली. "मी माझ्या हातानं चारलं." डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या चारण्यानं झालेलं नाही हे." पण त्यांनीच आत्ता तूप बंद करा म्हणून सांगितलं होतं. मायनं ते धरून ठेवलं आणि हे सोडून दिलं.

निघताना मी मागे राहिले. मी विचारलं, "आमच्या आबांनापण हेच होतं का?"

"बहुतेक हेच."

"कुणी पळत जाऊन लोकांना आणलं असतं तर?"

त्यांना माझ्या प्रश्नामागचं काही कळलं असेल का, कोण जाणे. ते वाकले आणि म्हणाले, "नाही, बाळ. असा माणूस पडतो तेव्हाच गेलेला असतो. पळून काही झालं नसतं." मग म्हणाले, "ताईला यातलं काही बोलू नका. तिला भीती वाटेल असं काही नको."

परतीच्या प्रवासात ते वाक्य माझ्या तोंडात होतं. पळून काही झालं नसतं. अक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. तिला ते सांगायचं तर ती विचारणार, तुला कुणी सांगितलं? डॉक्टरांनी. त्यांना आबांचं काय माहीत? मग सांगावं लागणार की आबांना जे होतं तेच तुला आहे. ती हुशार होती, पुढचं तिनं एका क्षणात ओळखलं असतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. जळगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हाही मी काही बोलले नव्हते.

त्यानंतर घरात तूप आलं नाही. लोणी नाना बाहेर देऊन टाकायचे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, पाण्यावर शिजवलेली भाजी, बिनतेलाचा ठेचा. अक्का काही कुरकुर न करता खायची. तिला एवढंच सांगितलं होतं की गाठींसाठी पथ्य आहे. ती दर आठवड्याला दोऱ्यानं गाठ मोजायची आणि दोरा जपून ठेवायची. एकदा म्हणाली, "पाह्य, लहान झाली." मी पाहिलं. म्हणाले, "झाली की."

पुढची आखाजी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा पोरीबाळींचा सण. कडुनिंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी. त्या दिवशी अक्काला बरं वाटत होतं. मी तिला झोक्यावर बसवून हळूहळू झोके दिले. घरी मायनं खापरावर पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. नाना आणि काकूच्या पानात तूप वाढलं, काकूनं आपल्या घरून आणलेलं. अक्काच्या पानात कोरडी पोळी.

अक्का म्हणाली, "माय, आज एक दिवस. थोडंसं वाढ ना."

माय म्हणाली, "नही, माझी बाई. डॉक्टरनं सांगितलं आहे."

"चमचाभर."

"नही."

अक्कानं पोळी रसात बुडवून खाल्ली. पुन्हा मागितलं नाही.

आखाजीनंतर अकराव्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसून माझी वेणी घालत होती. मी तिच्यापुढे खालच्या पायरीवर पाठ करून बसले होते. मला मामेबहिणीच्या लग्नासाठी बोदवडला, मायच्या माहेरी, निघायचं होतं आणि गाडीची वेळ झाली होती. तिचे हात मधेच थांबले. मी म्हणाले, "घाल ना लवकर." ती माझ्या पाठीवर रेलली. तिचं कपाळ माझ्या मानेवर आलं. ती कधी कधी अशी लाडानं रेलायची, म्हणून मी म्हणाले, "अक्का, गाडी चुकेल." दोनदा म्हणाले. मग तिचा हात माझ्या खांद्यावरून घसरून खाली आला, आणि आतून आलेल्या मायच्या हातातला तांब्या पडल्याचा आवाज मी ऐकला.

अक्का सोळा वर्षांची होती.

मी पुढे शिकले. जळगावात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, लग्न झालं, मुलं झाली. मायनं अक्कानंतर तुपाला कधी हात लावला नाही. माझ्या लग्नातसुद्धा तिनं कोरडं खाल्लं. कुणी आग्रह केला तर म्हणायची, मले सोसत नही.

अक्काला जाऊन तीस वर्षं झाली असतील तेव्हा एका मासिकात मला तिचा आजार सापडला. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही, प्रथिनांच्या आवरणातल्या बारीक कणांत भरलेलं असतं. यकृताच्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते हे कण धरून आत ओढून घेतं, आणि रक्त साफ राहतं. ते प्रथिन कसं बनवायचं ते दोन जनुकांत लिहिलेलं असतं, एक आईकडचं, एक बापाकडचं. एक बिघडलेलं असेल तर प्रथिन निम्मंच बनतं, पुरुष तर पुष्कळदा ऐन उमेदीत जातात, बायका बऱ्याचदा पुढे तगतात. आबा तसे गेले, बोदवडचे आजोबा तसे गेले. दोन्ही बिघडलेली असतील तर कण धरणारं काहीच उरत नाही. ते रक्तात फिरत राहतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतात. तिथं त्यांना गिळायला पेशी येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथंच मरतात, आणि त्यांचा पिवळा थर साचत जातो. कातडीखाली साचला की गाठ. या आजोबांकडे आणि त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे आबांच्या आईकडे, एकच बिघडलेलं अक्षर होतं, आणि ते माय आणि आबांच्या लग्नानं अक्काच्या अंगात दोन वाटांनी येऊन भेटलं. मला एक वाट मिळाली. माझं रक्त तपासलं तेव्हा ते कळलं. पुढे गोळ्या निघाल्या, त्या मी घेते.

त्या लेखात आणखी एक ओळ होती. अशा मुलांचं शरीर स्वतःच कोलेस्टेरॉल बनवत राहतं आणि ते काढायची सोय नसते, त्यामुळे पथ्यानं फारसा फरक पडत नाही. ती ओळ वाचून मला वाटलं, हे मायला सांगायलाच हवं. इतकी वर्षं ती स्वतःला दोष देत आली आहे.

रविवारी असोद्याला गेले. माय शेंगा निवडत बसली होती. मी तिला जमेल तसं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "माय, तुझ्या तुपानं काही झालं नव्हतं. तू एक थेंब चारला नसता तरी तेच झालं असतं."

ती ऐकत होती. शेंगा निवडायची थांबली. म्हणाली, "मंग दिलं तरी चाललं असतं."

"काय?"

"आखाजीले. चमचाभर मागत व्हती."

तिच्या मनावरचं ओझं काढायला गेले आणि दुसरं ठेवून बसले. तिनं पदरातल्या शेंगा सुपात ओतल्या, उठली आणि मला विचारलं, चहा ठेवू का. मी हो म्हणाले. आम्ही चहा घेतला, आणि मी संध्याकाळच्या मोटारीनं जळगावला परत आले.

त्यानंतर माय सहा वर्षं होती. हा विषय तिनं पुन्हा काढला नाही, मीही नाही.